फाल्गुनातला गुलाब

गुलाबावरची बहुतेक पुस्तके वसंतात सुरू होतात. ज्या देशांत ती लिहिली गेली तिथल्या हवेला धरून ते योग्यच आहे. तिथे झाड हिवाळाभर पाने गाळून निजलेले असते. मार्चमध्ये छाटणी होते, एप्रिलमध्ये धुमारे फुटतात, त्यांवर हिरवा मावा चढतो आणि जूनमध्ये पहिला बहर येतो. हे पुस्तक ऑक्टोबरात सुरू होते आणि वसंतापर्यंत पोहोचायला त्याला निम्म्याहून अधिक पाने लागतात. महाराष्ट्रात गुलाबाचे वर्ष पाऊस सरल्यावर उघडते. वसंत येतो तेव्हा ते संपत आलेले असते. त्यामुळे फाल्गुन-चैत्रात गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या गुलाबावर जी कीड दिसते तिच्यावर बाटलीतले औषध शोधण्याआधी आपण कोणते पंचांग पाळतो ते तपासावे, असे माझे म्हणणे आहे. या किडीतला मोठा भाग आपणच बोलावून आणलेला असतो, आणि बराचसा फवारणीने वाढवलेला असतो. हे विधान थोडे उर्मट वाटेल याची कल्पना आहे, म्हणून ते पुराव्यानिशी मांडायला ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांब झाली आहे.

बहराच्या तारखांपासून सुरुवात करू. पॅरिसच्या बागातेल उद्यानात १९०७ पासून नव्या गुलाबांची स्पर्धा होते, ती जूनमध्ये. चंदीगडच्या झाकिर हुसेन गुलाब उद्यानातला उत्सव फेब्रुवारीत भरतो. दिल्लीत राष्ट्रपती भवनाची बाग लोकांसाठी उघडते तीही फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे असते. एकाच झाडाच्या या तारखा पाच महिन्यांच्या अंतराने विखुरल्या आहेत. कारण साधे आहे. छाटणीनंतर फूल उमलायला आपल्याकडे साधारण दीड महिना लागतो आणि तो दीड महिना सौम्य थंडीत पडला तर फूल मोठे, रंग गडद आणि दांडा लांब मिळतो. ऑक्टोबरात छाटले तर पहिला बहर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात आणि दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो. म्हणजे होळी पेटते तेव्हा झाडाने दोन बहर देऊन झालेले असतात. थंड देशातल्या मार्चमध्ये गुलाब विश्रांती घेऊन उठलेला असतो. आपल्या मार्चमध्ये तो दमलेला असतो, आणि पुढे तीन महिन्यांचे ऊन उभे असते.

इथे चूक करायला वाव मिळतो तो गुलाबाच्या कुळामुळे. आपण कुंडीत लावतो तो कलमी गुलाब बहुतेक वेळा हायब्रिड टी किंवा फ्लोरिबंडा असतो. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये निघालेल्या ‘ला फ्रान्स’पासून हायब्रिड टीची परंपरा मोजतात, आणि तिच्यात चिनी गुलाबांचे रक्त आहे. वर्षातून एकदाच न फुलता पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण तिथूनच आला. त्यातून आपल्याकडे हिवाळा नावापुरता, त्यामुळे झाड कधी झोपतच नाही. कधीही छाटा, ते फुटते. मालकाला वाटते की छाटणी लागू पडली. फेब्रुवारीअखेर कडक छाटणी करून वर मूठभर युरिया किंवा डीएपी टाकले की पंधरा दिवसांत लालसर, लुसलुशीत धुमारे येतात आणि मन प्रसन्न होते. पण हे धुमारे पुरते पिकण्याआधी मार्चअखेर येतो. पुण्यात दुपारचा पारा तेव्हा ३५च्या पुढे असतो, विदर्भात चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. रस शोषणाऱ्या प्रत्येक किडीला हवे असते ते नत्राने फुगलेले कोवळे पान, आणि तिला सोयीची असते ती हवा. दोन्ही आपण एकाच पंधरवड्यात पुरवतो.

आता कोणती कीड कधी येते ते पाहू, कारण सगळा वाद इथे सुटतो. मावा हा थंडीचा सोबती. आपल्याकडे तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कळ्यांच्या देठांवर आणि शेंड्यांवर गर्दी करतो. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले घालते. स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने याने १७४० मध्ये जन्मतःच एकटी ठेवलेली मादी पाळून हे सिद्ध केले होते. त्यामुळे चार-सहा मावे दिसले आणि आठवड्याने शेंडा भरला, यात नवल नाही. पण ऊन तापू लागले की मावा आपोआप ओसरतो. थंड रात्री आणि कोरडे दिवस यांत वाढणारी भुरीही ओसरते. फाल्गुनात त्यांची जागा दोन जण घेतात, फुलकिडे आणि लाल कोळी. फुलकिडे कळीच्या पाकळ्यांच्या घडीत शिरून पेशी खरवडतात, रस पितात. कळी उमलते तेव्हा तिच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी दिसतात, पांढऱ्या आणि फिक्या फुलांवर जास्तच. लोक याला उन्हाचा चटका समजतात आणि कुंडी सावलीत सरकवतात. कोळ्याचे तर आणखी अवघड, कारण तो दिसतच नाही. पानाच्या पाठीवर टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके हलत असतात. वरून फक्त पान निस्तेज, फिकट ठिपक्यांनी भरलेले, मळकट दिसते. बारीक जाळी दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर दोन टिचक्या मारल्या आणि कागदावर पडलेले कण चालू लागले, तर निदान पक्के. एवढी चाचणी करायला कुठली प्रयोगशाळा लागत नाही, तरी ती न करताच औषध आणले जाते.

कोळ्याच्या वाढीचा हिशेब मुद्दाम मांडतो. साधारण २० अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. ३० अंशांच्या आसपास तेच काम आठवड्याभरात उरकते. एक मादी शंभराच्या घरात अंडी घालू शकते. म्हणजे माघात जितक्या दिवसांत एक पिढी होते तितक्यात चैत्रात दोन किंवा तीन होतात. या वाढीला लगाम घालणाऱ्या गोष्टी तीन: हवेतला ओलावा, स्वच्छ पान आणि कोळी खाणारे इतर जीव. शहरातल्या गच्चीवर मार्चमध्ये पहिल्या दोन नसतात. हवा शुष्क असते आणि रस्त्याची, बांधकामांची धूळ पानांवर बसलेली असते. तहानलेल्या झाडावर आणि धुळकट पानांवर कोळी जास्त फोफावतो हे कृषिशास्त्राने अनेक पिकांत पाहिले आहे. तिसरी गोष्ट शिल्लक असते, तीही आपण घालवतो.

ती जाते फवारणीने. लाल कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, तो गोचिडीच्या गोतातला. कृषी सेवा केंद्रातून ‘गुलाबाला कीड लागलीय, काहीतरी द्या’ म्हणून आणलेले सर्वसाधारण कीटकनाशक त्याला बहुधा मारत नाही. मारते ते त्याला खाणाऱ्यांना: भक्षक कोळ्यांना, बारीक काळ्या ढालकिड्यांना, क्रायसोपाच्या अळ्यांना. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी बागांत पोहोचले तेव्हा पाश्चात्त्य देशांतल्या सफरचंदाच्या बागांत तोवर किरकोळ समजला जाणारा कोळी मुख्य कीड होऊन बसला. पुढे सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांनी तेच करून दाखवले. इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे मावा-तुडतुड्यांसाठी सर्रास मिळते. त्याच्या वापरानंतर काही झाडांवर कोळ्यांची संख्या वाढल्याचे अभ्यास आहेत. तेव्हा ‘फवारले तरी वाढतेच आहे’ या नेहमीच्या तक्रारीत ‘तरी’च्या जागी ‘म्हणूनच’ घातले तर पुष्कळदा खरे निघते. मग मात्रा वाढवली जाते, दोन औषधे एकत्र केली जातात, पाने करपतात आणि एप्रिलमध्ये झाड उपटून नवे आणले जाते. नर्सरीवाल्याचे नुकसान होत नाही, एवढेच त्यातले समाधान.

यावर उपाय काय, हे पुस्तकात सविस्तर आहे. इथे त्यामागचा विचार सांगतो. फेब्रुवारीनंतर कडक छाटणी नाही. सुकलेली फुले पाच पानांच्या पहिल्या चांगल्या डोळ्यापर्यंत खुडायची, मेलेली काडी काढायची, बस. नत्र थांबवायचे आणि कुंडीवर पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या अंथरायच्या. पाणी नियमित. आणि दर तीन-चार दिवसांनी सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरकस फवारा मारायचा. साध्या पाण्याने कोळी आणि त्याची जाळी धुऊन जाते, धूळ जाते, काही काळ ओलावा मिळतो. फुलकिड्यांसाठी डागाळलेल्या कळ्या आणि फुले खुडून पिशवीत बांधून टाकायची, झाडाखाली पडू द्यायची नाहीत. हे किडे बहुतेक मातीत कोषावस्थेत जातात, म्हणून वरची माती अधूनमधून हलवून घेणे उपयोगी पडते. बंद कळीच्या आत बसलेल्या किड्यापर्यंत कुठलेही स्पर्शजन्य औषध नीट पोहोचत नाही. त्यामुळे कळी खुडणे हा इथे नाइलाजाचा नव्हे, सर्वांत नेमका उपाय ठरतो.

पाण्याच्या फवाऱ्यावर पहिला आक्षेप येतो तो जाणकारांचाच. गुलाबाच्या पानांवर पाणी मारू नये, काळे ठिपके पडतात, असे प्रत्येक पुस्तक सांगते. नियम खरा आहे, पण तो कुठला आहे ते पाहायला हवे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग सात-आठ तास ओले राहावे लागते. इंग्लंडच्या उन्हाळ्यात ते सहज घडते, आपल्याकडे आषाढ-श्रावणात घडते. पुण्या-नाशिकच्या किंवा नागपूरच्या मार्चमध्ये सकाळी आठला भिजवलेले पान नऊ-साडेनऊला कोरडे असते. नियम पाळून आपण नसलेल्या बुरशीपासून झाड वाचवतो आणि असलेल्या कोळ्याच्या हवाली करतो. कोकण आणि गोव्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे वसंतातही हवा दमट असते, कोळ्याचा जोर कमी आणि पिठ्या ढेकणाचा, बुरशीचा जास्त. तिथे फवारा कमी मारावा आणि फांद्यांची गर्दी विरळ करून वारा खेळता ठेवावा. एकाच राज्यात सल्ला असा उलटतो, तर दुसऱ्या खंडातला सल्ला जशास तसा का लागू पडावा? भारतातल्या गुलाबाचा विचार भारतातल्या हवेवरून करायला हवा, हे गव्हाचे मोठे पैदासकार आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी ओळखले होते. त्यांनी १९६०च्या दशकातच भारतातल्या गुलाबावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि इथल्या हवेत तगणाऱ्या जाती तयार केल्या. म्हणजे मी काही नवे सांगत नाही. दुकानातल्या चकचकीत पुस्तकांनी जे बाजूला सारले ते परत मधोमध ठेवतो आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. मावळात, तळेगावच्या परिसरात गुलाबाची हरितगृहे आहेत, तिथली फुले व्हॅलेंटाइन डेला परदेशी जातात. ते शेतकरी ठरलेल्या वेळापत्रकाने फवारतात आणि त्यांना गुलाब कळत नाही असे कोण म्हणेल? कोणीच नाही. पण त्यांचे गणित निराळे. त्यांच्या फुलाच्या पाकळीवर एक डाग असला तरी माल नाकारला जातो, हजारो झाडे एकाच जातीची, एकाच वयाची आणि एका छपराखाली असतात, आणि किडीला औषध पचू नये म्हणून औषधांचे गट आलटूनपालटून वापरण्याचे शास्त्र त्यांना पाळावे लागते. त्यांची छाटणीसुद्धा तारखेला बांधलेली असते, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तोड यावी म्हणून ती डिसेंबरात होते. घरच्या दहा कुंड्यांना यातले काहीच लागू नाही. शिवाय घरचा गुलाब देवाला वाहिला जातो, केसांत माळला जातो, देशी गुलाबाच्या पाकळ्या तर गुलकंदात जातात. पोटात जाणाऱ्या फुलावर शोभेच्या फुलाचे औषध मारणे हा शुद्ध अविचार आहे. आणि हेही लक्षात घ्यावे की युरोपातले अनेक हरितगृहवाले आज कोळी खाणारे भक्षक कोळी विकत घेऊन मुद्दाम सोडतात. जे आपल्या गच्चीवर फुकट येऊ शकते त्याला ते पैसे मोजतात.

पण येते का खरेच? सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत ढालकिडे कुठून येणार, हा तिसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. पंख असलेले मित्रकीटक उंचावर पोहोचतात. सिरफिड माशा आणि क्रायसोपा तर चांगल्याच उडत्या. पण ते किडीच्या मागून येतात, आधी नव्हे. मावा दिसल्यापासून त्यांची अंडी-अळ्या दिसेपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातात, आणि एवढ्यात बहुतेकांचा धीर सुटतो. फवारणी नेमकी त्या आठवड्यात होते. मावा हाताने चोळून किंवा पाण्याने पाडून तो काळ काढता येतो. जवळ बडीशेप, कोथिंबीर, झेंडू यांतले काही फुलू दिले तर प्रौढ मित्रकीटकांना मध-पराग मिळतो. मुंग्यांची रांग दिसली तर ती आधी तोडावी, कारण माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांच्या अळ्यांना हुसकावतात. तरीही बंदिस्त, काचेच्या बाल्कनीत हे सगळे फारसे घडणार नाही, हे मान्य करायला हवे. तिथे पाणी आणि हात यांवरच भिस्त ठेवावी, किंवा खरे तर तिथे गुलाब लावू नये. रोज पाच-सहा तास थेट ऊन आणि खेळता वारा नसेल तर कुठलीच युक्ती गुलाबाला वाचवत नाही.

आणखी एक वर्ग आहे, तो रासायनिक औषध घेत नाही पण ‘सेंद्रिय’ म्हटले की बिनधास्त होतो. त्याच्याशी माझे भांडण थोडे अधिक आहे. तंबाखूचा काढा घरगुती म्हणून शिफारस केला जातो. त्यातले निकोटिन माणसाला थेट विषारी आहे आणि कातडीतूनही अंगात जाते. गंधक भुरीवर आणि कोळ्यावरही चांगले, पण ३०-३२ अंशांच्या वर ते पाने जाळते, म्हणजे आपल्या मार्चमध्ये ते नकोच. कडुनिंबाचे तेल भर उन्हात मारले तरी तोच प्रकार. भांडी घासायचे द्रव साबण पानांवरचा मेणाचा थर काढतात. सेंद्रिय उपायांतला निंबोळी अर्क तेवढा मी वसंतासाठी ठेवला आहे: लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठीवर, आणि आधी एका फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहून. अर्काने कीड तत्काळ मरून पडत नाही. तिचे खाणे आणि वाढ मंदावते. ज्याला सकाळी फवारून संध्याकाळी मेलेले किडे बघायचे आहेत त्याचे समाधान याने होणार नाही.

मग रासायनिक औषध कधीच नाही? असे मी लिहिलेले नाही. खोडावर खवले कीड पपुद्र्यासारखी पसरली, दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि साबणपाण्याने घासूनही परत आली, किंवा कोळ्याने निम्म्याहून अधिक पाने जाळ्यात घेतली, तर औषधाला पर्याय उरत नाही. तेव्हा कोळ्यासाठी कोळीनाशकच घ्यावे. डब्यावरच्या चौकोनातला त्रिकोण पाहावा. लाल आणि पिवळा त्रिकोण घरात आणू नये. मात्रा लेबलवरची, अंदाजाची नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते उघड्या शेतात होते. आपण चार भिंतींच्या गच्चीवर, शेजारच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांच्या आणि लहान मुलांच्या मधोमध फवारतो. आणि ज्यांवर काहीच करायचे नाही अशाही गोष्टी असतात. गुलाबाच्या पानांच्या कडेला कातरीने कापावे तसे गोल, गुळगुळीत अर्धचंद्र दिसले की लोक अळीचे औषध आणतात. ते काम एका एकट्या राहणाऱ्या मधमाशीचे असते. ती पान खात नाही, तुकडा नेऊन घरट्याला अस्तर लावते. झाडाला त्याचा काही त्रास नाही, आणि शेजारच्या भोपळ्या-दोडक्याच्या वेलांना तिचा उपयोगच आहे.

पुस्तकाची रचना यावरून ठरली आहे. ऑक्टोबरातली छाटणी, काप घेतल्यावर लावायची बोर्डो पेस्ट, खत आणि खुंटावरचे फुटवे यांना पहिली चार प्रकरणे दिली आहेत, कारण मार्चमधली निम्मी लढाई तिथे जिंकली किंवा हरली जाते. वसंताचे प्रकरण सर्वांत मोठे आहे. जातींची यादी जाणूनबुजून छोटी ठेवली. नर्सरीत नावाच्या चिठ्ठ्या इतक्या बदललेल्या असतात की लांब यादीचा उपयोग होत नाही, आणि उन्हाळ्यात तगण्याच्या बाबतीत देशी गुलाबाला कलमी जातींनी अजून फारसे मागे टाकलेले नाही. शेवटचे प्रकरण वैशाख-ज्येष्ठाचे. त्यात ५० टक्क्यांची शेडनेट कधी बांधायची, कळ्या खुडून झाडाला विसावा कसा द्यायचा, आणि वळवाच्या पहिल्या सरींनंतर रात्री पानांवर येणारे हुमणीचे भुंगेरे बॅटरीच्या उजेडात वेचून साबणाच्या पाण्यात कसे टाकायचे, एवढेच आहे.